पाणी आहे ना? मग झालं!

जुनी मोटरसायकल विकत घ्यायला निघालेल्या माणसाचा एक ठरलेला विधी असतो. आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा. मग अंगठ्याने टायर दाबून पाहणे. यातून नक्की काय समजतं हे अजून कोणालाही सांगता आलेलं नाही, पण टायर दाबल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. मग मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकणे. मग "ॲव्हरेज किती देते?" हा सवाल, आणि मालकाने सांगितलेल्या आकड्यातून मनातल्या मनात दहा वजा करणे. सोबतचा जाणकार मित्र चेन हलवून "चेनसेट टाकावा लागणार" असं गंभीर चेहऱ्याने जाहीर करतो, कारण त्याला चहा पाजून त्यासाठीच आणलेलं असतं. या सगळ्या गडबडीत पुढच्या चाकामागे चिखल खात बसलेल्या रेडिएटरच्या वाट्याला एकच प्रश्न येतो : "पाणी आहे ना?" मालक म्हणतो, "फुल आहे." विषय संपला.

पाण्याने गार होणाऱ्या जुन्या गाड्यांची बरीचशी दुखणी याच प्रश्नातून जन्माला येतात, असं माझं म्हणणं आहे. प्रश्न चुकीचा नाही, अर्धा आहे. "आहे का?" एवढंच विचारून आपण थांबतो, "कसं आहे?" हे विचारायची आपल्याला सवयच नाही. चेन वाजते, ब्रेक किंचाळतो, हेडलाइट मिणमिणतो. त्यांना आवाज आहे, म्हणून त्यांना दाद मिळते. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट आणि चार रबरी नळ्या ही मंडळी मुकाट काम करतात, आणि मुकाट काम करणाऱ्याचं आपल्याकडे जे होतं तेच त्यांचं होतं : कोणी विचारत नाही. गंमत अशी की कूलंट, म्हणजे या मंडळींमधून फिरणारा द्रव, संपून मरत नाही, बहुतेक वेळा ते भरलेल्या टाकीतच मरतं. पातळी एल आणि एफ या दोन रेघांच्या मधोमध, रंग साधारण हिरवट, मालक समाधानी, आणि आतमध्ये द्रवाचं सत्त्व केव्हाच निघून गेलेलं. जॉबकार्डावर 'कूलंट तपासले' यापुढे बरोबरची खूण असते, ती या पातळीला मिळालेली असते. द्रवाची तब्येत विचारायला त्या कार्डावर रकानाच नसतो.

हा सगळा खटाटोप मुळात आहे कशासाठी? पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब असा मांडतात : एक तृतीयांश चाकापर्यंत पोचते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि एक तृतीयांश इंजिनाच्या अंगात उष्णता होऊन बसते. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलपैकी तेहतीस रुपयांवर आपण ऑफिसला जातो, तेहतीस रुपयांत मागच्याचं तोंड काळं करतो आणि उरलेल्यात स्वतःच्या नडग्या शेकतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. आजूबाजूचं ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. ते वितळत नाही याचं श्रेय उष्णता सतत वाहून नेणाऱ्याला. राजदूत, येझदी, स्प्लेंडर या गाड्यांमध्ये हे काम वाऱ्यावर सोडलेलं होतं, आणि ते भागत होतं. जुनी बिडाच्या इंजिनाची बुलेट ३५० सीसीमधून साधारण अठरा अश्वशक्ती काढायची. २०१३ साली आलेली ड्यूक ३९० जवळपास तेवढ्याच सीसीमधून त्रेचाळीसच्या आसपास काढते. ताकद दुपटीच्या पुढे म्हणजे उष्णताही त्याच पटीत. ती नुसत्या वाऱ्याने हटत नाही. म्हणून २००८ ची आर-१५, २०११ ची सीबीआर २५०, २०१२ ची पल्सर २०० एनएस, चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या ड्यूक, या सगळ्यांच्या छातीवर रेडिएटर आला. जगात ही गोष्ट तेव्हाही नवी नव्हती. १९७१ साली सुझुकीने जीटी ७५० आणली तेव्हा ब्रिटिशांनी तिचं नाव किटली ठेवलं आणि अमेरिकनांनी थेट म्हैस. आपल्याकडच्या पहिल्या आर-१५ ची नोंदणीची पंधरा वर्षं २०२३ मध्येच भरली. म्हणजे 'पाणीवाल्या गाड्या' आता आपल्याकडेही म्हाताऱ्या झाल्या आहेत. फेरनोंदणीच्या वेळी त्यांचा हॉर्न वाजतो का हे बघतात. रेडिएटरमधल्या द्रवाचं वय कुठल्याच फॉर्मवर लिहायचं नसतं.

आता 'कमी झालं की भरायचं' या आपल्या राष्ट्रीय धोरणाकडे वळू. यात दोन घोटाळे आहेत. पहिला हिशेबाचा. समजा यंत्रणेत एक लिटर कूलंट आहे, निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी. दोनशे मिली गळालं, आपण नळाखाली बाटली धरून तेवढं पाणी घातलं. असं पाच वेळा झालं तर ग्लायकॉल पन्नास टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर येतं, आणि त्याच्याबरोबर गंज रोखणारी रसायनंही तेवढीच पातळ होतात. पाचही वेळा पातळी मात्र एफच्या रेघेवर, आणि पाचही वेळा मालकाला कर्तव्य केल्याचं समाधान. दुसरा घोटाळा तर्काचा. ही यंत्रणा बंद आहे. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते. द्रव तापून फुगला की ठरावीक दाबाच्या पुढे ती उचलली जाते आणि जास्तीचा द्रव बाजूच्या टाकीत जातो, गार झाला की तोच परत ओढला जातो. घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वजनाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही द्रवच राहतं, तेच तत्त्व इथे आहे. फरक एवढाच की इथे शिट्टी झाली तर वरण नव्हे, सिलिंडर हेड शिजतं. अशा बंद व्यवस्थेत द्रव वारंवार कमी होत असेल तर तो कुठेतरी जातोय. नळीच्या सांध्यातून, पंपाच्या सीलमधून, झाकणाच्या कडक झालेल्या रबरातून, किंवा सगळ्यात महागड्या वाटेने, म्हणजे हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून पांढरा धूर होऊन आकाशात. "कमी झालंय, भर" हे उत्तर त्यामुळे कामाचं नाही; "कमी का झालं?" हा प्रश्न कामाचा आहे. पण प्रश्नाला खर्च येतो आणि नळाचं पाणी फुकट असतं.

इथे कोणीतरी आजोबांना पुढे करतो. "आमच्या आजोबांची ॲम्बेसेडर जन्मभर विहिरीच्या पाण्यावर चालली, कूलंटचं नाव कोणी ऐकलं होतं?" आक्षेप वजनदार आहे, कारण त्यामागे आजोबा आहेत. पण त्या गाडीचा ब्लॉक बिडाचा होता, रेडिएटर तांब्या-पितळेचा, आतली वाट ऐसपैस. शिवाय ती निर्वेध चालली ही आठवण आहे, इतिहास नव्हे. बोरघाटात आणि कसारा घाटात बॉनेट उघडून, वाफेत उभे राहून, हातात पाण्याचा डबा घेतलेले सद्गृहस्थ हा त्या काळच्या प्रवासाचा ठरलेला देखावा होता. फक्त तेव्हा त्याला बिघाड म्हणत नसत, विश्रांती म्हणत. आजच्या मोटरसायकलीचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या नळ्या चपट्या आणि अरुंद. आपल्या बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पाणी तापलं की ते आतल्या भिंतीवर पांढऱ्या थराने बसतात, आणि तो थर उष्णता अडवतो. म्हणजे पाणी आहे, फिरतंय, पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक भोकं पाडतात ते वेगळंच. मग हुशार माणूस म्हणतो, आम्ही बाटलीबंद पाणी घालतो. त्यातली खनिजं माणसाच्या तब्येतीसाठी आहेत, रेडिएटरला ती नकोतच. त्याला हवं डिस्टिल्ड वॉटर, ज्याला आपण सगळे बॅटरीचं पाणी म्हणतो. माणसाने प्यायचं पाणी गाडीला चालत नाही आणि गाडीचं माणसाला, इतका हा संसार वेगळा आहे.

दुसरा आक्षेप भूगोलाचा. कूलंटच्या डब्यावर गोठण्यापासून संरक्षण असं लिहिलेलं असतं, आणि नागपूरचा माणूस मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभा राहून ते वाचतो तेव्हा त्याला आपली थट्टा चाललीय असं वाटणं साहजिक आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे सदतीस अंशांच्या आसपास असतो. लेहच्या हिवाळ्यात त्याचा उपयोग आहे, आणि आपल्याकडे जवळपास प्रत्येक मोटरसायकल लेहला जाण्यासाठीच घेतलेली असते, जरी ती प्रत्यक्षात लोणावळ्याच्या पुढे गेली नाही तरी. पण ग्लायकॉल उलट्या टोकालाही काम करतं : तेच मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि झाकणाच्या दाबाखाली सव्वाशेच्या पुढे टिकतं. साधं पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यात पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळतं. तिसरा आक्षेप घेणारा मात्र खरोखर शिकलेला असतो. तो म्हणतो, उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे, हे शास्त्रच आहे. हे शंभर टक्के खरं आहे. पुष्कळ रेसट्रॅकवर ग्लायकॉलला बंदीच असते, कारण ते सांडलं की रस्ता निसरडा होतो. तिथल्या गाड्या पाणी आणि गंजरोधक यांवर पळतात. पण रेसवाल्याचं इंजिन पुन्हापुन्हा उघडलं जातं. आपलं इंजिन उघडायचा प्रसंग आला की घरात आधी बैठक होते. आपल्याला कूलंट हवं ते मुख्यतः त्यातल्या गंजरोधकांसाठी, आणि तीच तर संपतात. उष्णतेने आणि हवेने ग्लायकॉल हळूहळू आम्ल होत जातं, गंजरोधक त्या आम्लाशी लढता लढता खर्ची पडतात, आणि मग तोच द्रव ज्याला वाचवायचं त्यालाच खाऊ लागतो. साध्या कूलंटचं आयुष्य म्हणूनच दोन-तीन वर्षांचं धरतात, दीर्घायुषी प्रकाराचं पाचापर्यंत. गाडी उभी असली तरी ही घड्याळं थांबत नाहीत.

आपल्या गॅरेजशास्त्राने या रोगावर काही स्वदेशी उपचार शोधलेले आहेत, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला हळद. रेडिएटर गळत असेल तर त्यात मूठभर हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते. ट्रक-ड्रायव्हरांचा हा जुना तोडगा आहे आणि आडरानात तो पुढच्या गावापर्यंत नेतोही. पण हळदीला भोक कुठलं आणि वाट कुठली यातला फरक कळत नाही. मोटरसायकलीच्या अरुंद नळ्या ती तेवढ्याच आपुलकीने बुजवते. दुसरा उपचार एम-सील. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असतं. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला पाण्याचं सील, दुसऱ्या बाजूला ऑइलचं सील, आणि दोघांच्या मधून ते भोक बाहेर निघतं, यासाठी की सील गेलं तर थेंब बाहेर दिसावा, ऑइलमध्ये जाऊ नये. ते भोक गळतीचं कारण नसून गळतीची बातमी आहे. ते एम-सीलने बुजवणारा कारागीर बातमीदाराचं तोंड बंद करतो. गळती आत वळते, ऑइलचा चिकट चहा होतो आणि पुढे इंजिनाचं काम निघतं. तिसरा उपचार शस्त्रक्रियेचा : "आपल्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला? काढून टाकू." थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या जोरावर चालणारी झडप. इंजिन साधारण ऐंशी अंशांच्या आसपास तापेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती काढली की इंजिन जरुरीपेक्षा गार राहतं, फ्युएल इंजेक्शनवाला संगणक त्याला अजून थंडीच वाजतेय असं समजून पेट्रोल जास्त पाजतो, आणि ॲव्हरेज पडतं. ज्या मालकाने आयुष्यात गाडीला ॲव्हरेजशिवाय दुसरं काही विचारलं नाही, त्याच्यावर नियतीने उगवलेला हा सूड म्हणायला हवा.

मग करायचं काय? काम फार अवघड नाही, फक्त त्यात घाई चालत नाही, आणि म्हणूनच ते होत नाही. पहिली अट, इंजिन पूर्ण गार हवं. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाबाखाली आवरून धरलेला द्रव एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतो. भाजलेल्या हातांमागे बहुधा "थांब, जरा बघतो" हे शब्द असतात. गार गाडी, खाली रुंद भांडं, पंपाजवळचा ड्रेन-बोल्ट सोडायचा, मग झाकण उघडायचं. जे बाहेर पडेल त्याकडे आधी नीट बघायचं, कारण हा गाडीचा रिपोर्ट आहे आणि तो फुकट मिळतोय. तांबूस गढूळ असेल तर आत गंज, पांढरट भुकटी असेल तर क्षार, वर तेलाचा तवंग असेल तर फ्लशिंग विसरा आणि गॅस्केटकडे वळा. बाजूची छोटी टाकीही रिकामी करून धुवायची. ती हमखास राहते, आणि नव्या कूलंटमध्ये पहिल्याच संध्याकाळी जुना गाळ ओढला जातो. मग डिस्टिल्ड वॉटर भरून, वरची नळी गरम होईपर्यंत इंजिन चालवायचं, म्हणजे थर्मोस्टॅट उघडल्याची खात्री होते. पुन्हा गार होऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं. पाणी नितळ येईपर्यंत हे चक्र. क्षार जास्तच असतील तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्त्व, अगदी सौम्य करून एकदा फिरवता येतं, पण त्यानंतर भरपूर साध्या फेऱ्या हव्यात. आणि कॉस्टिक सोडा कोणी सुचवला तर त्याला गाडीपासून लांब ठेवावं, ॲल्युमिनियम त्यात विरघळतं. शेवटी ड्रेन-बोल्टची नवी वॉशर, तयार मिश्रणाचं कूलंट, आणि आत अडकलेली हवा काढण्यासाठी झाकण उघडं ठेवून गाडी डावीकडे-उजवीकडे हलवणे. हवेचा फुगा राहिला तर पंप नुसती हवा ढवळतो आणि भरलेल्या रेडिएटरची गाडी तापते, हे पाहून माणसाचा विज्ञानावरचा विश्वास उडतो. दुसऱ्या दिवशी गार गाडीची पातळी पुन्हा पाहायची. बाहेरची जाळी पाइपच्या साध्या धारेने धुवायची. वॉशिंग सेंटरची जोरदार धार पातळ पत्र्या अशा आडव्या करते की चिखल जातो आणि वाराही जातो.

"जुन्या गाडीला उघडलं की गळायला लागते, म्हणून हात लावू नये," असं अनुभवी मिस्त्री सांगतात, आणि हा आक्षेप सर्वांत सच्चा आहे. तसं होतं खरं. पण त्याचा अर्थ एवढाच की तोवर गाळाने गळती अडवून धरली होती. जी नळी धुतल्यावर फुटते ती धुतल्यामुळे फुटलेली नसते; ती वरंधा घाटात रात्री फुटण्याऐवजी गॅरेजमध्ये दिवसा फुटली, एवढाच तिचा अपराध. रबरी नळ्या बोटाने दाबून बघाव्यात. कडक, भेगाळ किंवा फुगलेल्या असतील तर त्याच दिवशी बदलाव्यात. टायर दाबण्याची आपली हौस इथे प्रथमच कारणी लागते.

रंगाचं म्हणाल तर हिरवं, गुलाबी, निळं यांत नेमका कुठला रसायनगट आहे हे रंगावरून सांगता येत नाही. प्रत्येक उत्पादक आपापला रंग घालतो. रंगावरून जात ठरवायची आपली जुनी खोड इथे महागात पडते. न जुळणारे दोन प्रकार मिसळले तर कधी आत जेलीसारखा गाळ धरतो. पुस्तिकेत लिहिलेला प्रकार घ्यावा, तो समजत नसेल तर सगळं काढून एकच भरावा. आणि काढलेलं कूलंट शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. घरातल्या पोराला ते सरबत वाटतं, आणि गल्लीतल्या कुत्र्याला तर गटाराच्या काठावरचं थारोळंही पुरतं. झाकणाचा डबा, त्यावर ठळक अक्षरात नाव, आणि तो पोरांच्या हाताबाहेर.

"एवढं सगळं कोण करतं?" हा शेवटचा आक्षेप, आणि तो कायम प्रश्नाच्या वेशात येतो. उत्तर हिशेबाचं आहे. अशा गाडीत द्रव मावतो लिटर-दीड लिटर. त्याला काही शे रुपये आणि एक रविवार लागतो. हेड वाकलं, पिस्टन चिकटला, तर खर्च हजारांत जातो आणि रविवार गॅरेजच्या बाकड्यावर जातात. तारीख लक्षात राहत नसेल तर एक दसरा सोडून एक, खंडेनवमीच्या आधीचा रविवार या कामाला द्यावा. गाडी तशीही धुवायचीच असते, हार तर ठरलेलाच. आणि काम झालं की मागच्या मडगार्डवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहिलंय त्याच्या शेजारी एक छोटी चिठ्ठी चिकटवावी : कूलंट बदलले, अमुक महिना, अमुक साल. आशीर्वादावर तारीख लागत नाही, त्याची मुदत संपत नसते.